भिंतीला न लागता

आमच्या स्किल लॅबमधल्या प्लास्टिकच्या पुतळ्याला लॅब सांभाळणारे काका अहो-जाहो करायचे. सकाळी कुलूप उघडलं की आधी पंखा, मग ट्यूबलाइट, आणि मग पुतळ्याच्या तोंडावरचा पंचा काढत, "चला, मंडळी यायची वेळ झाली." उत्तराची वाट बघितल्यासारखे क्षणभर थांबायचे आणि मगच कामाला लागायचे. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा खोलीत आणखी कुणीतरी आहे असं समजून दारातच थबकले होते. कुणी नव्हतं. तिथे सहसा कुणी नसायचंच.

पुतळा म्हणजे छातीपर्यंतचा एक माणूस. नाकाला भोकं, आत रबराची श्वासनलिका आणि तिच्या फुफ्फुसात जाणाऱ्या फांद्या. आम्ही छातीच्या विकारांचे डॉक्टर व्हायला आलेली मंडळी. त्याच्या नाकातून बारीक, लवचीक दुर्बीण आत घालायची, पडद्यावर बघत बघत एकेका फांदीत फिरवायची, आणि हात बसला की मग खऱ्या माणसाकडे जायचं, अशी ही सोय. पूर्वी थेट पेशंटवरच शिकायचे. पेशंट खोकून हैराण आणि शिकणारा घामाघूम. आता पुतळ्याला जोडलेला संगणक सगळं मोजतो. किती मिनिटं लागली, कोणती फांदी राहून गेली, दुर्बिणीचं टोक भिंतीला कितीदा घासलं. शेवटी शंभरपैकी गुण देतो.

हे गुण काका आम्हाला बघू द्यायचे नाहीत. पडद्याच्या त्या कोपऱ्यावर त्यांनी जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा चिकटवला होता. मी एकदा तो हळूच उचलून बघत होते, तर मागून आवाज आला, "डॉक्टर, पेशंटच्या कपाळावर गुण लिहिलेले नसतात." मी चिडले होते. पहिल्यांदाच एक्याऐंशी मिळाले होते आणि सांगायला कुणी नव्हतं.

काका डॉक्टर नव्हते. नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रात त्यांनी सगळी नोकरी काढली होती, उपकरणांच्या विभागात. बॉयलर बंद असला की त्याच्या नळ्यांमध्ये लांब दुर्बीण घालून आत कुठे गंज चढलाय, कुठे चीर पडलीय, हे बघायचं त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर आमच्या कॉलेजने त्यांना सिम्युलेटर सांभाळायला ठेवलं. नेमणूक यंत्र पुसण्यासाठी आणि बिघडलं तर कंपनीला फोन करण्यासाठी होती. शिकवायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण आमचे सर, म्हणजे विभागप्रमुख, ओपीडीतून वर यायचे महिन्यातून एकदा, आणि काका तिथे रोज असायचे. नळीतून फिरायचं कसं हे काकांना आमच्यापेक्षा, आणि खाजगीत सांगायचं तर सरांपेक्षाही, जास्त कळायचं.

कुठलीही पोकळ वस्तू दिसली की काका तिला डोळा लावायचे. रस्त्याकडेला पडलेले पाइप, कॅन्टीनमधला स्ट्रॉ, गुंडाळलेलं चार्टपेपरचं भेंडोळं. एकदा कॉलेजच्या गेटवर बासरीवाला आला होता. काकांनी त्याची एक बासरी घेतली, आतून नीट तपासली आणि "छान आहे हो, कुठे खरबरीत नाही" असं सांगून परत दिली. वाजवून बघायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. बासरीवाल्याचा चेहरा मला अजून आठवतो.

पुतळा एक आणि आम्ही सहाजण, म्हणून त्यांनी स्वतः एक लाकडी खोका बनवला होता. आत प्लास्टिकच्या नळ्या, फुफ्फुसातल्या फांद्यांच्या हिशेबाने वाकवून बसवलेल्या. प्रत्येक नळीच्या टोकाला आत एक चिठ्ठी आणि चिठ्ठीवर गावाचं नाव. श्वासनलिका जिथे दोन फुफ्फुसांकडे फुटते त्या जागेला इंग्रजीत भारदस्त नाव आहे. काका तिला 'फाटा' म्हणायचे. उजव्या बाजूला वळलं की लगेच दिंडोरी, पुढे वणी, सुरगाणा. डाव्या बाजूचा रस्ता लांब, टोकाला पेठ आणि हरसूल. आम्ही घाम पुसत दुर्बीण आत सरकवायचो आणि ते विचारायचे, "कुठे पोचलात?"

"पेठ."

"तुम्हाला हरसूलला पाठवलं होतं. मागे या. फाट्यापर्यंत मागे या. दिसत नसताना पुढे ढकलायचं नाही, आणि भिंतीला लागायचं नाही."

माझा एक मित्र सोलापूरचा. नाशिकमध्ये तीन वर्षं काढून तो सुरगाण्याला कधी गेला नाही, पण उजव्या फुफ्फुसात सुरगाणा कुठे आहे हे त्याला आजही झोपेतून उठवून विचारलं तर सांगेल.

आता ज्या शब्दापायी पुढे सगळं बिघडलं, त्याच्याकडे येते. उजवं-डावं या शब्दांवर काकांचा राग होता. "उजवीकडे म्हणजे कुणाच्या हो? पेशंटच्या, तुमच्या की पडद्याच्या?" बॉयलरच्या दोन बाजूंना दोन माणसं उभी राहिली आणि एकाचं उजवं दुसऱ्याचं डावं झालं, म्हणून चांगली नळी कापली गेल्याचं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे ते दिशा सांगायचेच नाहीत, मनगट कसं फिरवायचं ते सांगायचे. घड्याळाच्या काट्यासारखं फिरवायचं असेल तर 'सव्य'. उलट फिरवायचं असेल तर 'अपसव्य'. दुर्बीण हातात धरलेली, डोळे पडद्यावर, आणि मागून काकांचा संथ आवाज, "सव्य... थांबा... अपसव्य, अजून थोडं अपसव्य... हां, आता सरळ." महिनाभरात हात त्या आवाजावर आपोआप वळायला लागला. काका नसले की मी ते शब्द स्वतःच पुटपुटायचे.

मी द्राक्षवाल्यांच्या घरातली. आमच्याकडे श्राद्धाला गुरुजी यायचे तेव्हा बाहेर वडील बसायचे आणि मी आत आईबरोबर वडे तळत असायचे. त्यामुळे बाहेर गुरुजी काय सांगतात ते मी कधी ऐकलंच नव्हतं. 'अपसव्य' हा यंत्रविद्येतला शब्द असावा अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

काका एकटे राहायचे. बायकोला जाऊन अकरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. पंचवटीत भाऊ होते, पण घरची पिढीजात भिक्षुकीची, यजमानकीची गादी सोडून हा कारखान्यात गेला हे घराने कधी पोटात घातलं नव्हतं. भाऊबंदकी अशी नव्हती. दिवाळीला फराळाचा डबा यायचा आणि रिकामा डबा परत जायचा. हे सगळं त्यांनी मला एका दमात सांगितलं होतं, पुतळ्याच्या नाकपुड्या कापसाने पुसताना, आणि पुन्हा कधी विषय काढला नाही.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. त्यांना जिवंत माणसाचं आतून बघायचं होतं.

"डॉक्टर, खरं कसं दिसतं?" कुणीही ब्राँकोस्कोपी, म्हणजे खऱ्या पेशंटची ही दुर्बिणीची तपासणी, करून वर आलं की ते विचारायचे. मी सांगायचे, गुलाबी असतं, ओलं असतं. "रबरासारखंच?" साधारण तसंच, असं मी म्हणायचे, कारण मला जेवायला पळायचं असायचं. मोबाइलवर व्हिडिओ आहेत की, असंही एकदा सुचवलं. ते म्हणाले, "बघितले सगळे. पण बॉयलरचे फोटो बघून मी कधी सही केली नाही. स्वतः जाऊन बघायचो. इथे मी पोरांना रस्ता दाखवतोय, आणि त्या गावाला मी स्वतः कधी गेलो नाही. बरं दिसतं का ते?"

दीड वर्षाने त्यांनी धीर करून सरांना विचारलं. सर म्हणाले, पुढच्या मंगळवारी या, एका कोपऱ्यात उभं राहायचं, कशाला हात लावायचा नाही. काका त्या दिवशी कॅन्टीनमध्ये आम्हा सहाजणांना चहा पाजून स्वतः उभ्या उभ्या हसत होते. मी त्यांना त्याआधी इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात, शुक्रवारी, मी घोळ घातला.

पेशंट निफाडकडचे, सत्तरीचे आजोबा. घसा बधिर केलेला, गुंगीचं औषध थोडंसंच, डोळ्यांवर पट्टी, कान मात्र शाबूत. सर माझ्या शेजारी उभे. मी फाट्यापर्यंत छान गेले, डावीकडे वळले आणि अडकले. फांदी दिसत होती पण टोक वळेना. हात घाबरला की तोंड सुरू होतं. मी पुटपुटायला लागले, "अपसव्य... अपसव्य... अजून थोडं अपसव्य..."

आजोबांचे पाय हलायला लागले. मग एकदम दोन्ही हात वर आले, त्यांनी दुर्बीण धरली आणि खसकन उपसून काढली. नाकातून रक्त, नर्सची धावपळ, आणि आजोबा बसक्या आवाजात ओरडतायत, "आहो, मी जिता हे अजून! कसलं पिंडदान लावलं माझं? पोरांना बोलवा! नाय करायची मला दुर्बीण!"

मला काही कळेना. सरांना कळलं. त्यांनी बाहेर नेऊन मला सांगितलं की एरवी जानवं डाव्या खांद्यावर असतं, पितरांना पाणी देताना ते उजव्यावर घ्यायचं असतं, आणि ते घ्या असं सांगायचा शब्द म्हणजे अपसव्य. आजोबांनी बापाचं, आईचं, थोरल्या भावाचं सगळं क्रियाकर्म गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावरच केलेलं. डोळे बांधून आडवं पडलेल्या त्या माणसाने दुसरं समजायचं तरी काय?

"कुणी शिकवलं हे?" सरांनी विचारलं. मी सांगितलं. सांगायला नको होतं. "लॅबवाल्यांना मंगळवारी यायचं नाही म्हणून सांग. आणि शिकवणं बंद. मशीन पुसा म्हणावं."

आजोबांची तपासणी आठवडाभर पुढे गेली. मी शनिवारी काकांना सांगायला वर गेले, तर ते पांढरा शर्ट इस्त्रीला टाकायचा की घरीच करायची यावर पुतळ्याशी बोलत होते. मी परत फिरले. सोमवारीही गेले नाही. भित्रेपणाच होता, दुसरं काही नाही.

मंगळवारी सकाळी आठ वाजता काका ब्राँकोस्कोपीच्या दारासमोर उभे होते. पांढरा शर्ट, नखं कापलेली, स्वच्छ धुतलेल्या रबरी चपला. मध्येच बाहेर जावं लागू नये म्हणून चहासुद्धा घेतला नव्हता, हे मला नर्सने नंतर सांगितलं. सर आले. "काका, तुम्हाला निरोप नाही मिळाला? आज नाही. बघू परत कधीतरी," म्हणत आत गेले. मी सरांच्या मागेच होते. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि मी हातातल्या केसपेपरमध्ये बघितलं. त्या क्षणाची लाज मला आजही वाटते.

दुपारी वर गेले तेव्हा ते पुठ्ठ्याचा सुटलेला कोपरा चिकटवत होते. मी रडत सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या गृहस्थांना जास्त त्रास नाही ना झाला?" आणि थोड्या वेळाने, "शब्द माझा होता, डॉक्टर. लहानपणापासून कानावर पडलेला. तो कुणाच्या कानाला कसा लागेल, ते बघायला हवं होतं मी."

त्यानंतर ते शब्द त्यांनी कधी उच्चारले नाहीत. खरं म्हणजे फारसे कुठलेच शब्द उच्चारले नाहीत. आम्ही सराव करत असलो की दाराबाहेर स्टुलावर बसायचे. पुतळ्याशी बोलणंही कमी झालं. आम्हाला परीक्षेचं टेन्शन, आम्ही काय, संगणकाचे गुण बघायला लागलो. पुठ्ठा कुणी काढला ते मला माहीत नाही. मी नव्हते, पण मी परत लावलाही नाही.

पावसाळा संपता संपता काकांना खोकला सुरू झाला. मग एक दिवस रुमालावर रक्त. सीटी स्कॅनमध्ये डावीकडे खाली एक गाठ दिसली. आता दुर्बिणीने बघणं आणि तुकडा काढणं भागच होतं. सरांनी त्यांना बोलावून समजावून सांगितलं. काका ऐकून म्हणाले, "यांच्या हातून करा," आणि माझ्याकडे बोट केलं. "आणि साहेब, एक विनंती होती. गुंगीचं औषध नको, डोळ्यांवर पट्टी नको. पडदा माझ्याकडे वळवा."

सरांनी सीटीची फिल्म पाकिटात सरकवली. मग म्हणाले, "वळवा."

तपासणीच्या दिवशी सोबत नातेवाईक लागतो. काका एका रिक्षावाल्याला घेऊन आले. "हे माझे भाऊ. आज सकाळी नऊपासून." नर्स हसली. मला हसता आलं नाही. रिक्षावाला मात्र गंभीरपणे बाकावर बसला आणि शेवटपर्यंत हलला नाही. डोळ्यांत औषधाचा फवारा उडू नये म्हणून काकांनी वीज केंद्रातला जुना गॉगल आणला होता, पारदर्शक, कडेने रबर लावलेला. तो चढवून ते टेबलावर असे आडवे झाले, जसे बॉयलरच्या आतच निघालेत.

मी दुर्बीण आत घातली. स्वरयंत्राचा पडदा उघडला, मिटला, उघडला. श्वासनलिकेच्या पांढऱ्या कड्या, ओल्या, चमकणाऱ्या. काकांची मान वळलेली, गॉगलमागे डोळे पडद्यावर. त्यांना खोकला आला आणि नळीच्या भिंती एकदम आत आल्या, दुर्बिणीला चिकटल्या, पडदा लाल झाला. मी थांबले. भिंती मागे सरल्या. फाटा आला. डावीकडच्या लांब नळीत त्यांच्या हृदयाचा ठोका दिसत होता. भिंत एका लयीत धडधडत होती. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. खोकल्याचंही असेल.

खाली जाताना मी पुन्हा अडकले. तीच बाजू, तेच वळण. तोंड घट्ट मिटून मी प्रयत्न करत होते, आणि मला चादरीवर काकांचा हात दिसला. तळवा हळूहळू फिरत होता. घड्याळाच्या उलट. थोडा. अजून थोडा. माझं मनगट त्या हाताबरोबर वळलं आणि फांदी उघडली. त्यांच्या खोक्यात तिथे 'पेठ' लिहिलेलं होतं. इथे ती गाठ होती, पांढुरकी, फांदी जवळजवळ बुजवून बसलेली. ती आम्ही दोघांनी एकदमच पाहिली. काकांचा हात चादरीवर थांबला.

तुकडे काढले, बाहेर आले. घशाचा बधिरपणा जाईपर्यंत त्यांना पाणी द्यायचं नव्हतं. मी शेजारी बसले. ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर, भिंती आपल्या अंगावर येतात हो."

"हो, काका."

"आणि मी पोरांना सांगत राहिलो, भिंतीला लागू नका म्हणून." आणि ते हसले, खोकला येईपर्यंत हसले.

आठवड्यात रिपोर्ट आला. जे वाटलं होतं तेच. केमोचे पहिले दोन डोस होईपर्यंत ते लॅबला येत राहिले, बीपीच्या यंत्राचा जुना फुगा पुतळ्याच्या छातीत बसवून त्याच्या भिंती हलवायच्या खटपटीत. ते जमलं. फुगा दाबला की रबराची नळी आक्रसते. आता येणारी मुलं त्याच्यावर शिकतात. नवीन मुलाला आधी दचकायला होतं, मग सवय होते. काकांना जाऊन आता वर्ष होईल.

मी त्यांना शेवटचं भेटले ते जेलरोडच्या त्यांच्या घरी, एका रविवारी दुपारी. दोन खोल्या, फार नीटनेटक्या. एक खुर्ची टीव्हीसमोर, दुसरी भिंतीशी दुमडून ठेवलेली. ती त्यांनी माझ्यासाठी उघडली तेव्हा तिच्या बिजागऱ्या कुरकुरल्या. त्यांच्या तपासणीचं रेकॉर्डिंग सरांनी त्यांना पेन ड्राइव्हवर दिलं होतं. "बघणार ना?" म्हणत त्यांनी ते टीव्हीला लावलं, आणि घरी आलेल्या पाहुण्याला आपलं गाव दाखवावं तसे दाखवायला लागले. हे बघा, इथे किती स्वच्छ आहे. हे माझं हृदय, कसं नेमाने चाललंय. इथे तुमचा हात जरा अडखळला, पण सावरलात. चित्र त्या वळणापाशी पोचलं, फांदी उघडायच्या बेतात होती, आणि काकांनी रिमोट दाबून ते थांबवलं.

"इथून पुढे मी बघत नाही," ते म्हणाले. "पुढचं तुमचं काम. इथपर्यंत मात्र रस्ता चांगला आहे, नाही?"

"फार चांगला आहे, काका," मी म्हटलं.

"दाखवायला कुणी नव्हतं हो." त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला, पुन्हा उचलला. "तुम्हाला वेळ आहे ना?"

चार वाजता माझी ड्युटी होती आणि पावणेचार वाजले होते. आहे, म्हटलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लावलं.